सहा-आठच्या खाली

ता. ४ ऑक्टोबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि. (साष्टांग मनातल्या मनात घातलाय असं समज. दोन दिवस झाले, पाठ वाकली की परत सरळ व्हायला तयार नाही.)

तू म्हणशील पत्र कशाला, फोन करायचा. पण फोनवर अप्पा खोलीत असले की तू कुजबुजतेस, आणि पत्र मात्र चार घरांना ऐकू जाईल असं वाचतेस. लहानपणापासूनची खोड तुझी. म्हणून पत्र. काय समजायचं ते समज.

नवीन काम लागलंय. हॉटेलातलं सोडलं, गॅरेजातलं त्याच्या आधीच सोडलं होतं. लगेच कपाळाला हात लावू नकोस. हे काम पाण्याचं आहे. एका नव्या बंगल्याच्या मागे पोहण्याचा तलाव बांधलाय. आमचा ठेकेदार असे तलाव बांधतो, आणि पाणी भरल्यापासून ते मालकाच्या ताब्यात देईपर्यंत ते सांभाळायला एक माणूस ठेवतो. तो माणूस मी. पंपाशेजारच्या खोलीतच राहायला जागा आहे. खाट, बल्ब आणि रात्रंदिवस पंपाची घरघर. तुझ्या शिवणयंत्राशेजारी झोपायची सवय होती म्हणून निभावतंय.

आतला गिलावा पांढरा आणि अजून ओला आहे. म्हणून पाणी एकदा सोडलं की वरपर्यंत भरेतो थांबवायचं नाही, नाहीतर जिथे थांबलं तिथे भिंतीवर कायमची रेघ उठते. पाइपच्या तोंडाला जुना टॉवेल बांधला आणि एकतीस तास कट्ट्यावर बसून राहिलो. मी, एकतीस तास, एका जागी. तुला खरं वाटणार नाही म्हणून माळ्याला साक्षीदार ठेवलाय.

आता गंमत ऐक. एवढं निळं पाणी, पण त्यात कुणी पाऊल घालायचं नाही. नवा गिलावा महिनाभर चुना सोडत राहतो. लांब काठीच्या ब्रशाने दोन वेळा सगळ्या भिंती घासायच्या, की दुधासारखी पांढरी भुकटी वर येते. मग काचेच्या नळीत पाणी घेऊन लाल औषधाचे पाच थेंब टाकायचे आणि रंग बघायचा. त्याला पीएच म्हणतात. चुना जास्त झाला की रंग जांभळा, पाणी आंबट झालं की पिवळा, आणि मधला नारिंगी-लाल आला की सात-चार (सात दशांश चार), म्हणजे बरोबर. जांभळा आला की थोडं आम्ल घालायचं.

आणि आकडा वहीत लिहायचा. ठेकेदाराने नवी कोरी वही दिली. तारीख, वेळ, आकडा, सही. ती हातात घेतली, पहिलं पान उघडलं आणि परत मिटलं.

संध्याकाळी हात धुतले तरी क्लोरीनचा वास जात नाही. काल जेवताना हात तोंडाजवळ नेला आणि एकदम वाटलं, अप्पा कामावरून आले, दारामागच्या खिळ्याला सदरा अडकवला. घास हातातच राहिला.

त्यांचा खांदा कसा आहे? विचारतात का कधी माझं?

लोभ आहे तेवढा असू दे. वाढवला नाहीस तरी चालेल, आटू देऊ नकोस.

तुझा,
भिंगरी

ता. १० ऑक्टोबर

चि. भिंगरीस,

अनेक उत्तम आशीर्वाद, आणि सोबत एक धपाटा, दीड वर्षात तिसरी नोकरी म्हणून.

तुझं पत्र स्वयंपाकघरात उभी राहून वाचलं. घसा बसला. अप्पा बाहेर खुर्चीवर पेपर वाचत होते. मी एकतीस तासांपाशी आले तेव्हा पेपरचं पान उलटायचं थांबलं. वाचून झाल्यावर ते आत आले, स्वतःच्या हाताने माठातलं पाणी घेतलं, प्यायले, आणि भिंतीकडे बघून म्हणाले की एकतीस तासांत भरला म्हणजे पाइप दीड इंची असणार. आणि गेले. एवढंच. तुझं विचारलं असं मी म्हणू शकत नाही, पण पाइपचं विचारलं.

तुला राग येईल, तरी लिहिते. तू गेलास तेव्हा चूक तुझी होती. अप्पांनी तुला पाण्याच्या टाकीवर हाताखाली घेतलं. रोज पाणी तपासून क्लोरीनचा आकडा लिहायचा, एवढंच काम. आणि तू पहिल्याच तारखेला महिन्याचे सगळे आकडे लिहून मोकळा झालास. अकरा तारखेला साहेब तपासायला आले तर वहीत तीस तारखेपर्यंतचं पाणी तपासून झालेलं. आज आठवलं की हसू येतं. तेव्हा नव्हतं आलं, कारण त्याच आठवड्यात खालच्या आळीतली सात माणसं पोट धरून दवाखान्यात होती. अप्पांनी अडतीस वर्षांत एक आकडा खोटा लिहिला नव्हता. तू भरलेल्या पाण्याचा घोट घेणार नाही, हे ते बोलले ते कडू होतं, मान्य. पण तूही त्याच पावली पिशवी उचललीस.

आधी तू भरायचास तो माठ तेव्हापासून ते स्वतः भरतात. मला हात लावू देत नाहीत. खांदा दुखतो, कळशी उचलताना तोंड वाकडं करतात, पण भरतात.

आता मुद्द्याचं. ३१ ऑक्टोबरला अप्पा निवृत्त होतायत. त्या दिवशी सकाळी शेवटची नोंद करून टाकीची किल्ली नव्या माणसाच्या हातात देतील. हार नको, फोटो नको असं सगळ्यांना सांगून ठेवलंय. त्या दिवशी तू टाकीवर यावंस असं मला वाटतं. घरी तुम्ही दोघं एकमेकांना टाळाल, तिथे टाळता यायचं नाही. अप्पा काही बोललेले नाहीत. पण परवा मला विचारत होते की तिकडून गाडीला किती दिवस लागतात. कुणाला लागतात ते सांगितलं नाही.

दोन दिवस लागतात हे मी सांगितलं.

जेवणाची आबाळ करू नकोस. सदऱ्याची बटणं तुटली असतील तर ती जपून ठेव, इथे आलास की लावून देईन.

तुझी,
ताई

ता. १५ ऑक्टोबर

ती. ताईस,

सा. न. घालून घाईत चार ओळी लिहितो.

तुझं पत्र तीनदा वाचलं. धपाटा पोचला. राग आला नाही, म्हणजे आला होता, पण जेवल्यावर गेला.

ठेकेदाराशी बोललो. तो म्हणाला २६ तारखेला तलाव ताब्यात द्यायचाय. पाणी बरोबर आलं तर त्याच संध्याकाळी तू सुटलास, महिनाभर घरी जा. म्हणजे २७ ला निघालो तर २९ ला घरी. तुला काय सांगू ताई, मी दारामागे कोळशाने रेघा मारल्यात, रोज एक खोडतो. मला सगळं दिसतं इथून. टाकीकडे जाणारा चढ, ती कुरकुरणारी लोखंडी शिडी, टाकी भरली की वरच्या पाइपातून पडणारं पाणी. त्या आवाजाने मी लहानपणी झोपायचो. इथे पाण्याला आवाजच नाही. निळं, गप्प, नुसतं चकचकतं.

पण पाणी काही बरोबर येईना. पहिला आठवडा जांभळं होतं, ते ठीक, चुना सुटत होता. आता दुसरा आठवडा सरत आला तरी नळीत रोज जांभळंच. रोज आम्ल घालतो, तरी दुसऱ्या दिवशी जांभळं. ठेकेदार म्हणतो नवा तलाव आहे, क्लोरीनही हात सैल सोडून घाल. पहाटे उठून आधी क्लोरीन घालतो, मग घासतो, मग तपासतो, मग पायरीजवळ उभा राहून आम्ल ओततो. ओततो म्हणजे बादलीतल्या पाण्यात आम्ल मिसळून, आम्लात पाणी कधीच नाही. अप्पांनी शिकवलेलं एवढं तरी डोक्यात आहे.

बंगल्याच्या मालकीणबाई रोज सकाळी काठी टेकत येऊन कट्ट्यावरच्या खुर्चीत बसतात. दोन्ही गुडघे गेलेत. डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलंय, म्हणून मुलाने हा तलाव बांधून घेतला. जमिनीवर चालणं जमत नाही, पाण्यात जमेल म्हणतात. त्या नुसत्या भुवया वर करून विचारतात, आज? मी मान हलवतो. असे आम्ही दोघं पाण्याकडे बघत बसतो. त्यांना आत जायचंय आणि मला घरी.

हे पत्र जरा मोठ्याने वाच. विशेषतः जांभळ्याचा भाग.

तुझा,
भिंगरी

ता. २० ऑक्टोबर

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद.

जांभळ्याचा भाग दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचायला अप्पांनीच सांगितलं. म्हणजे म्हणाले, पंख्याच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही. पंखा बंद होता.

मग जे बोलले ते जसंच्या तसं लिहिते, कारण मला त्यातलं अर्धं कळलं नाही. ते म्हणाले की तो गाढव क्लोरीन घातल्यावर तपासतोय. पाण्यात क्लोरीन फार झालं की तो लाल थेंब फसवतो, पाणी कसंही असलं तरी जांभळाच दिसतो. तपासायचं ते सकाळी, काहीही घालायच्या आधी, आणि पायरीपासून लांब, कोपरभर खोलातलं पाणी घेऊन. आणि आजपासून आम्ल बंद. हे पत्रात आधी लिही, बाकीच्या गप्पा नंतर, असंही म्हणाले. म्हणून आधी लिहिलं.

पाहिलंस? दीड वर्षात तुझा विषय निघाला की उठून जाणारा माणूस तुला गाढव म्हणाला. मी तोंडाला पदर लावून हसले आणि मग आत जाऊन थोडी रडले. आई असती तर तिने आधी त्यांना आणि मग तुला झोडपलं असतं.

रोज संध्याकाळी विचारतात, पोस्टमन आला होता का. विजेच्या बिलाची वाट बघतायत असं दाखवतात. बिल मागच्या आठवड्यातच आलंय.

तुझी गादी उन्हात टाकलीय. उशी आता जरा दगड झालीय, चालवून घे. २९ ची वाट बघते.

तुझी,
ताई

ता. २५ ऑक्टोबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

हे पत्र मोठ्याने वाचू नकोस. एकटीने वाच.

अप्पांनी सांगितलं तसं केलं. तुझं पत्र काल सकाळी आलं. मी पंपावरून धावत फाटकापर्यंत गेलो, माळी हसत होता. तेव्हापासून आम्ल घातलं नाही. आज उजाडताना, काहीही न घालता, लांबच्या कडेला पालथा पडून कोपरभर खोलातलं पाणी घेतलं आणि थेंब टाकले.

पिवळं. आमच्या पेटीवर सहा-आठ हा सगळ्यात खालचा रंग, माझं पाणी त्याच्याही खाली पिवळं. म्हणजे दहा-बारा दिवस मी आंबट पाण्यात रोज आणखी आम्ल ओतत होतो. हात घालून पायरी चाचपली. गुळगुळीत होती, आता सँडपेपरसारखी लागते. बशीएवढा भाग आम्लाने खाल्लाय. ज्या पायरीवरून बाईंना पाण्यात उतरायचंय, तीच.

सकाळी ठेकेदार आला. त्याला सांगितलं. तो वैतागला, पण ओरडला नाही, उलट खांद्यावर हात ठेवला. म्हणाला की उद्या ताबा आहे, पाणी काचेसारखं दिसतंय, वहीत सात-चार लिही आणि संध्याकाळी गाडीत बस. आंबटपणा मारायला सोड्याची पोती टाकून आपण मागाहून हळूहळू सारखं करू, कुणाला कळत नाही. खरंच कळलं नसतं, ताई. पाणी इतकं स्वच्छ होतं की तळाच्या जाळीची भोकं मोजता येत होती.

मी पेन उघडून बसलो. समोर कोरी ओळ. एका बाजूला तू उन्हात टाकलेली गादी, टाकीची शिडी आणि ३१ तारीख. सातचा आकडा काढायला सुरुवात केली, त्याची वरची मान काढलीसुद्धा. आणि मला खालच्या आळीतली ती म्हातारी आठवली, दवाखान्याच्या बाकड्यावर बसलेली. मी तिला पाणी नेऊन दिलं होतं, आणि तिने आधी विचारलं होतं की हे उकळलेलं आहे ना रे बाबा.

ती मान खोडली नाही. वहीत खोडायचं नसतं. पुढच्या ओळीवर लिहिलं, सहा-आठच्या खाली. खाली सही केली. मग बाई काठी टेकत आल्या, भुवया वर केल्या, आणि मी त्यांना सगळं सांगितलं, खरखरीत पायरीसकट. म्हणालो की तुमचे डोळे आणि कातडी चुरचुरेल, पायरीवर पाय सोलवटेल, अजून दोन आठवडे लागतील. त्यांनी काठीचं टोक पाण्यात बुडवून बघितलं. मग म्हणाल्या, दोन वर्षं थांबलेय, दोन आठवड्यांनी काय होतंय. नंतर विचारलं, मी आज खाली आले नसते तर तू वर येऊन सांगितलं असतंस का? मी म्हणालो, माहीत नाही.

ठेकेदार म्हणाला, बिघडवलंस तू, निस्तर तूच. त्याचं काही चुकलं नाही. पाणी बरोबर येईतो सुट्टी नाही. रोज थोडा सोडा, रोज तपासणी, सोबत पायरी घासून सारखी करायची.

म्हणजे ३१ ला मी येत नाही.

अप्पांना सांग की गाडीचं तिकीट मिळालं नाही. आकड्याचं सांगू नकोस. त्यांना वाटेल मी फुशारकी मारतोय, नाहीतर वाटेल याला अजून नळीतला रंग कळत नाही. दोन्ही खरंच आहे. गादी आत घे, रात्री दव पडत असेल.

तुझा,
भिंगरी

ता. १ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ३० ला आलं. मी दार लावून एकटीने वाचलं, शपथेवर. मग दार उघडून मोठ्याने वाचलं. मला खोटं सांगता येत नाही, आणि तिकिटाची थाप अप्पांनी एका क्षणात पकडली असती, त्यांना तिकडच्या गाड्यांचं वेळापत्रक आता पाठ आहे.

वाचून झाल्यावर अप्पा जवळ आले. पत्र हातातून घेतलं, चष्मा लावून स्वतः वाचलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं. अजून परत दिलं नाही. मला तुझा पत्ता पाठ आहे म्हणून बरं.

काल ते गेले टाकीवर. मी बरोबर जायचं म्हटलं तर नको म्हणाले. तरी मी चढाच्या खालून बघत उभी राहिले. शिडीवर तीनदा थांबले. नवा माणूस खाली किल्लीसाठी हात पुढे करून उभा, आणि हे वर जुन्या वह्या काढून बसलेले. तासाभराने उतरले. घरी आले, सदरा खिळ्याला अडकवला, आणि पहिल्यांदाच तो धुवायला टाकू दिला नाही.

जेवताना विचारलं, सोडा किती किलो घालतोय तो. मी म्हटलं तुम्हीच विचारा की. तर म्हणाले, कागद कुठे असतात आपल्या घरात?

ते पान सोबत जोडलंय. मी वाचलेलं नाही. बरं, वाचलंय.

माठ आज सकाळपासून पालथा आहे. आम्ही दोघं नळाचंच पितोय. तूच काय ते समज.

तुझी,
ताई

ता. १ नोव्हेंबर

चि. मुलास,

आशीर्वाद.

पत्र लिहायची सवय नाही. मुद्देच लिहितो.

सोडा एकदम घालू नये. मोजून थोडा, पंप चालू ठेवून, दुसऱ्या दिवशी तपासून मग पुढचा. घाई केलीस तर पाणी गढूळ होईल आणि आठवडा आणखी जाईल. तपासणी सूर्य वर यायच्या आत. पायरी हाताने घास, यंत्र लावू नकोस. त्या बाईंचा पाय पडणार आहे, म्हणून आधी स्वतः अनवाणी उभा राहून बघ.

सहा-आठच्या खाली असं लिहिलंस ते बरोबर. पेटीवर नसलेला आकडा अंदाजाने लिहायचा नसतो. हे मी तुला शिकवलं नव्हतं.

काल टाकीवरची तुझी जुनी वही काढली. तू पुढचे लिहून ठेवलेले एकोणीस आकडे तसेच आहेत. खोडत नाहीत, त्यापुढे शेरा लिहितात. तो लिहायचा राहिला होता. मी तेव्हा तुझ्यावर ओरडलो, पण शेरा लिहायला हात धजावला नाही. काल लिहिला: या दिवशी तपासणी झाली नाही. हाताखालच्या मुलास शिकवण्यात कसूर, जबाबदारी माझी. खाली सही केली. माझ्या नोकरीतली ती शेवटची सही.

पाणी सात-चारला आलं की तीन दिवस तसंच राहतं का बघ. राहिलं तर बाईंना उतरू दे. त्या उतरल्या की मग नीघ, आधी नको. मी आता कुठे जात नाही, घरीच असतो.

खांद्याने कळशी उचलवत नाही. माठ धुऊन पालथा घातलाय. आलास की आधी हातपाय धू, मग तो भर. तहान लागली तर मी थांबेन.

अप्पा